बारा आणे रोजाचा तेनसिंग

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणारे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. राज्याच्या आदिवासी विकास विभागाने आखलेल्या मोहिमेचे ते यश होते आणि विदर्भाला त्याचा अभिमान वाटला, तो योग्यच होता. त्यानंतर आपल्या भागातल्या तरुणांना हिमशिखरे पूर्वीइतकी दूरची वाटेनाशी झाली. सिहोरा हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम तीनशे मीटर, थंडी म्हणजे पौषातील चार रात्री. अशा गावातील मुलानेही मार्गदर्शक कंपनीच्या मोहिमेत नाव नोंदवावे, लोकवर्गणी गोळा करावी आणि हिमनदीवर पाऊल टाकण्याचे स्वप्न पाहावे, यात आज कोणाला नवल वाटत नाही. वाटूही नये. परंतु अशा मोहिमेत सामील होणे म्हणजे नेमके काय विकत घेणे, आणि ते कोणाकडून घेणे, याचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही. तो करावयाचा असेल तर तेनसिंग नोर्गे यांचे चरित्र पुन्हा एकदा, आणि जरा निराळ्या दृष्टीने, वाचावे लागेल. पाठ्यपुस्तकांनी त्यांना शिखरावरच्या एका छायाचित्रात बंदिस्त करून टाकले आहे. त्या छायाचित्रापूर्वीची अठरा वर्षे तेनसिंग मजुरी करीत होते.

त्यांची जन्मतारीख कोठे नोंदलेली नाही. साल १९१४ आणि मे महिन्याचा उत्तरार्ध, एवढेच पिकांवरून आणि हवामानावरून ठरविता आले. जन्म तिबेटातील खार्ता खोऱ्यात झाला की नेपाळच्या खुंबू भागातील थामे गावी, याविषयीही दोन मते आहेत. वडील याक पाळणारे. तेरा भावंडांत हा अकरावा आणि त्यांतली बहुतेक लहानपणीच दगावलेली. मूळचे नाव नामग्याल वांगदी. रोंगबुक मठाच्या लामांच्या सांगण्यावरून ते बदलून तेनसिंग नोर्गे ठेवण्यात आले. शाळेचे तोंड या मुलाने पाहिले नाही. लिहिणे-वाचणे त्याला पुढे आयुष्यभर साधले नाही. बोलण्यापुरत्या मात्र कितीतरी भाषा आल्या. लहानपणी तो एकदा घरातून पळून काठमांडूला जाऊन आला आणि १९३२ च्या सुमारास, वयाच्या अठराव्या वर्षी, दार्जिलिंगला आला तो तिथलाच झाला.

दार्जिलिंग ही त्या काळी दोन प्रकारच्या श्रमांची बाजारपेठ होती. एक चहाच्या मळ्यांची आणि दुसरी मोहिमांची. युरोपातून येणाऱ्या गिर्यारोहकांना तंबू, दोर, धान्य आणि प्राणवायूची नळकांडी वर वाहून नेणारी माणसे हवी असत आणि ती तुंगसुंग वस्तीतल्या शेर्पांतून निवडली जात. १९२८ साली स्थापन झालेला हिमालयन क्लब या मजुरांची नोंद ठेवी. मागच्या साहेबाने दिलेली शिफारस-चिठ्ठी हीच त्यांची पदवी आणि तोच त्यांचा शिधापत्रिकेचा कागद. चिठ्ठी नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून चिठ्ठी नाही, या फेऱ्यात नवखा मजूर अडकून पडे. सुशिक्षित बेकारांच्या बाबतीत आपण हेच दुखणे आज पाहतो. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी तरुण तेनसिंग उभे राहिले आणि नाकारले गेले. त्यांनी केस कापून नेपाळी पोशाख चढविला होता, त्यामुळे ते शेर्पा वाटलेच नाहीत, हेही एक कारण झाले. १९३५ साली एरिक शिप्टन यांनी ऐनवेळी आणखी दोघांची निवड केली. त्यात चिठ्ठी नसलेला, पण हसऱ्या चेहऱ्याचा हा विशीतला तरुण होता.

मजुरी ठरली बारा आणे रोज. हिमरेषेच्या वर गेल्यास एक रुपया. म्हणजे बर्फाच्या कड्यावर, हिमस्खलनाच्या छायेत, पाठीवर ओझे घेऊन काढलेल्या दिवसाची जोखीम बाजाराने चार आणे ठरविली होती. अर्थशास्त्रात आम्ही जोखमीचा मोबदला नावाची एक संकल्पना शिकवितो. धोक्याच्या कामाला मजूर जास्त दाम मागतो आणि बाजार तो देतो, असे ती सांगते. पण दाम मागण्यासाठी मजुराजवळ दुसरे काम असावे लागते, ही अट पुस्तकाच्या तळटीपेत राहते. १९२२ साली एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखाली हिमस्खलनात सात भारवाहक गेले. १९३४ साली नांगा पर्बतावर चार जर्मन आणि सहा शेर्पा गेले. १९३७ साली त्याच पर्वतावर एका रात्रीत सात जर्मन आणि नऊ शेर्पा गाडले गेले. तरीही पुढल्या मोसमात तुंगसुंगमध्ये माणसांची रांग लागतच होती. डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीची ज्यांना माहिती आहे, किंवा गुत्त्याने रोवणी करणाऱ्या टोळ्या ज्यांनी चिखलात वाकलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना या रांगेचे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९३५, १९३६ आणि १९३८ अशा तीन ब्रिटिश मोहिमांत तेनसिंग तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेले. १९३८ मध्ये सुमारे ८,३०० मीटर उंचीवरच्या छावणीपर्यंत त्यांनी ओझी पोहोचविली आणि हिमालयन क्लबने त्यांना ‘टायगर’ हा बहुमान दिला. नंतर महायुद्ध आले, मोहिमा बंद पडल्या आणि व्याघ्रपदक मिळालेला हा माणूस चित्रळमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या खानावळीत नोकरीला लागला. चार वर्षांचा मुलगा आधीच गेला होता. तिथे १९४४ साली पहिली पत्नी दावा फुती वारली. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. १९४७ साली परवाना नसताना अर्ल डेनमन नावाच्या एका साहसवेड्या गृहस्थाबरोबर ते पुन्हा तिबेटमार्गे एव्हरेस्टकडे गेले. शिखर लाभणार नाही हे त्या अनुभवी मजुराला पुरते ठाऊक असणार, तरी गेले. पोटासाठी पर्वत चढणारा माणूस पर्वतावर प्रेमही करू शकतो, आणि ही दोन्ही सत्ये एकमेकांना खोडत नाहीत, हे तेनसिंग यांच्या चरित्रकारांनी म्हणावे तितके ठासून मांडलेले नाही.

त्याच वर्षी गढवालमधील स्विस मोहिमेत सरदार वांगदी नोर्बू जखमी झाले आणि त्यांची जागा तेनसिंग यांच्याकडे आली. सरदार म्हणजे आपल्याकडचा मुकादम. मजूर निवडायचे, ओझी वाटायची, मालकाचा हुकूम खाली आणि मजुरांची तक्रार वर न्यायची. दोन्हीकडून शिव्या खाण्याचे हे पद. बहुतेक मुकादम कालांतराने मालकाच्या बाजूला सरकतात. तेनसिंग यांचे तसे झाले नाही, याचा पुरावा पुढे येईलच.

१९५१ साली नंदादेवीवर फ्रेंच मोहिमेतील द्युप्ला आणि व्हिन्य हे दोघे तरुण शिखराच्या दिशेने गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या शोधाच्या निमित्ताने तेनसिंग यांनी लुई द्युबोस्त यांच्याबरोबर नंदादेवी पूर्व हे शिखर चढले. पुढल्या वर्षी नेपाळने स्विस गिर्यारोहकांना एव्हरेस्टचा परवाना दिला. या मोहिमेत तेनसिंग यांना प्रथमच सरदाराबरोबर गिर्यारोहक सदस्य म्हणूनही स्थान मिळाले. त्यांचा दोरावरचा सोबती होता रेमों लांबेर. त्याच्या पायांची बोटे हिमदंशाने पूर्वीच कापावी लागली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आठ हजार चारशे मीटरवर एका तंबूत झोपण्याच्या पिशव्यांशिवाय आणि स्टोव्हशिवाय त्यांनी रात्र काढली. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी केले. २८ मे १९५२ रोजी ते आणखी सुमारे दोनशे मीटर चढले आणि परतले. तोवर इतक्या उंचीवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. माझ्या मते तेनसिंग यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस हाच. १९५३ चा नव्हे. लांबेरने त्यांना मालक म्हणून वागविले नाही, सोबती म्हणून वागविले, आणि त्याची भेट असलेला लाल रुमाल पुढल्या वर्षी तेनसिंग यांच्या गळ्यात शिखरावर गेला.

त्या शिखराशी विदर्भाचे एक जुने नाते आहे, ते येथे नोंदवून ठेवतो. ज्या महासर्वेक्षणातून पुढे या शिखराची उंची निघाली, ते सुरू करणारा विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचा सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून रानावनांतून फिरत असे. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. गणित करणाऱ्या राधानाथ सिकदारांचे नाव निदान बंगालने लक्षात ठेवले. थिओडोलाइट वाहणाऱ्यांचे एकही नाव लोकांच्या तोंडी उरले नाही.

१९५३ च्या ब्रिटिश मोहिमेचे नेते जॉन हंट यांनी तेनसिंग यांना सरदारकीबरोबर सदस्यत्वही दिले. साडेतीनशेहून अधिक भारवाहक, वीस शेर्पा आणि साडेचार हजार किलो सामान, असा हा कारभार होता. काठमांडूला पोहोचताच पहिली ठिणगी पडली. गोऱ्या सदस्यांची सोय ब्रिटिश वकिलातीच्या इमारतीत झाली आणि शेर्पांची वकिलातीच्या गॅरेजमध्ये. तिथे शौचालय नव्हते. तेनसिंग यांच्यासाठी आत खोली होती. ते आत गेले नाहीत, आपल्या माणसांबरोबर गॅरेजमध्ये झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेर्पांनी गॅरेजसमोरच्या रस्त्यावरच लघवी करून आपला निषेध नोंदविला. वृत्तपत्रांत तेव्हा त्याची बरीच कुजबुज झाली. पुढे, दिलेले कपडे व साहित्य मोहिमेनंतर आपले होणार की नाही, यावरून पुन्हा वाद झाला आणि काही शेर्पांनी मोहीम सोडलीही. तेनसिंग दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे राहिले आणि मोहीम मोडू दिली नाही. पण माणसे का संतापली आहेत हे त्यांनी साहेबांना सांगितले, ते मवाळ करून सांगितले नाही. शिखरावरच्या पंधरा मिनिटांपेक्षा त्या गॅरेजातली रात्र मला अधिक महत्त्वाची वाटते.

२६ मे रोजी बूर्दियाँ आणि इव्हान्स हे दोघे दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास एडमंड हिलरी आणि तेनसिंग माथ्यावर पोहोचले. तेनसिंग यांनी थोडी मिठाई आणि धाकट्या मुलीने दिलेली पेन्सिल बर्फात पुरली. छायाचित्र निघाले ते तेनसिंग यांचे. कुऱ्हाडीला बांधलेले चार ध्वज त्यात दिसतात आणि त्यांतला भारताचा ध्वज दार्जिलिंगच्या एका बंगाली मित्राने दिलेला होता. हिलरींचे शिखरावरचे छायाचित्र नाही.

खाली उतरल्यावर जे घडले ते चढाईपेक्षा अवघड होते. पहिले पाऊल कोणाचे, हा प्रश्न काठमांडूच्या रस्त्यांवर राजकीय झाला. तेनसिंग हिलरींना दोराने ओढून वर नेत आहेत, अशी चित्रे मिरविली गेली. नेपाळने त्यांना आपले म्हटले, भारताने आपले म्हटले. ज्या माणसाला वीस वर्षे कोणी पुरता नागरिक मानले नव्हते त्याच्यासाठी दोन देश भांडू लागले. आम्ही जवळजवळ एकाच वेळी पोहोचलो, असे निवेदन दोघांनी मिळून दिले. १९५५ साली, जेम्स रॅमसे उलमन यांनी शब्दबद्ध केलेल्या आत्मचरित्रात, हिलरी काही पावले पुढे होते हे तेनसिंग यांनी सरळ सांगून टाकले. खोटे बोलले असते तर निम्म्या आशियाने त्यांना डोक्यावर घेतले असते.

ब्रिटनने हंट आणि हिलरी यांना ‘सर’ केले आणि तेनसिंग यांना जॉर्ज पदक दिले. आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमानुसार भारतीय नागरिकाला परकीय राष्ट्राचा किताब घेता येत नाही, हे खरे. पण तो तुलनेचा डाग पुसण्यास कलमे पुरी पडत नाहीत. पंडित नेहरूंनी मात्र या माणसाला जवळ केले. पारपत्राची व्यवस्था केली, अंगावर घालण्यास स्वतःचे कपडे दिले आणि कौतुकाचे रूपांतर एका संस्थेत केले. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या साहाय्याने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तत्पूर्वी तेनसिंग स्वित्झर्लंडला जाऊन शिकविण्याचे तंत्र शिकून आले. मेजर नरेंद्र धर जयाल पहिले प्राचार्य आणि तेनसिंग क्षेत्रीय प्रशिक्षणाचे संचालक. १९७६ पर्यंत, बावीस वर्षे, त्यांनी हे काम केले. १९५९ साली पद्मभूषण मिळाले. १९६५ साली कॅप्टन कोहलींच्या नेतृत्वाखाली नऊ भारतीय एव्हरेस्टवर पोहोचले, त्यांत तेनसिंग यांचे पुतणे नवांग गोम्बू होते. शेर्पांच्या मजुरीसाठी आणि मृतांच्या कुटुंबीयांच्या भरपाईसाठी शेर्पांची संघटना उभी करण्यातही तेनसिंग यांचा वाटा होता. आपल्या पाठ्यपुस्तकांना हे प्रकरण ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर १९७८ मध्ये त्यांनी स्वतःची सफर-कंपनी काढली. म्हणजे मजूर, मुकादम, शिक्षक आणि अखेर उद्योजक, एवढा प्रवास एका आयुष्यात झाला. मुलांना त्यांनी परदेशात शिकविले. मुलगा जामलिंग एव्हरेस्टसाठी हट्ट धरून बसला, तेव्हा वडिलांनी साहाय्य नाकारले. तुला चढावे लागू नये म्हणून मी चढलो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. (जामलिंग १९९६ साली चढलेच.) ९ मे १९८६ रोजी तेनसिंग दार्जिलिंगला निवर्तले.

त्याआधी एक वर्ष, एप्रिल १९८५ मध्ये, डिक बास नावाचा पंचावन्न वर्षांचा अमेरिकन उद्योगपती निष्णात गिर्यारोहकाच्या सोबतीने एव्हरेस्ट चढून आला, आणि पैसा व मार्गदर्शक असल्यास शिखर गाठता येते हे जगाला समजले. पुढल्या दशकात मार्गदर्शित मोहिमांचा व्यापार उभा राहिला. आज नेपाळ सरकारचे शुल्कच सप्टेंबर २०२५ पासून माणशी अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलर झाले आहे. कंपनीचा आकार धरून भारतीय तरुणाचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. या पैशात त्याला काय मिळते? खुंबूच्या हिमप्रपातात शिड्या टाकून ठेवलेल्या असतात, माथ्यापर्यंत दोर बांधलेले असतात, छावण्या उभारलेल्या असतात, प्राणवायू वर पोहोचलेला असतो आणि बहुधा एक शेर्पा पूर्णवेळ बरोबर असतो. पाहुणा त्या हिमप्रपातातून मोजक्याच वेळा जातो. हवामानाशी जुळवून घेण्याचा सराव अनेक कंपन्या आता लोबुचेसारख्या शेजारच्या शिखरावर करवून घेतात, म्हणजे त्याच्या फेऱ्या आणखी कमी होतात. ओझी मात्र तिथूनच जातात. जोखीम नाहीशी होत नाही. ती खांदा बदलते. १८ एप्रिल २०१४ च्या पहाटे त्या हिमप्रपातावर हिमकडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. त्यांत एकही पाहुणा नव्हता. सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पांनी तळावर निषेध केला आणि त्या मोसमात दक्षिणेकडच्या बहुतेक मोहिमा रद्द झाल्या. गॅरेजसमोरच्या निषेधानंतर एकसष्ट वर्षे लोटली होती.

मजुरी वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनुभवी शेर्पा एका मोसमात जे मिळवितो ते नेपाळच्या सरासरी उत्पन्नाच्या कितीतरी पट आहे. अनेक मोठ्या कंपन्या आता शेर्पांच्याच मालकीच्या आहेत आणि थामे गावच्या कामी रिता शेर्पा यांनी मे २०२५ मध्ये एकतिसाव्यांदा एव्हरेस्ट चढले. पण त्याच थामे गावात ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या हिमसरोवराचा बांध फुटून पूर आला आणि घरे, शाळा, दवाखाना वाहून गेला. शिखराची कमाई आणि हिमनदीचा कोप एकाच गावाच्या वाट्याला आले.

तेव्हा आपल्या मुलांनी जाऊच नये, असे मी म्हणत नाही. चंद्रपूरच्या मुलांना कित्येक महिने प्रशिक्षण देऊन पाठविले गेले, हा मार्ग योग्य आहे. दार्जिलिंग किंवा उत्तरकाशीच्या संस्थेतला प्राथमिक आणि प्रगत अभ्यासक्रम, नंतर सहा हजार मीटरचे शिखर, नंतर सात हजारांचे, आणि मग पुढचे. आक्षेप आहे तो वर्गणीच्या जोरावर थेट एव्हरेस्टचे तिकीट काढण्याला. ज्याला बर्फावर चालता येत नाही त्याचे ओझे दुसऱ्याच्या जिवावर पडते. शासनाचा, जिल्हा परिषदेचा, साखर कारखान्याचा किंवा गावाचा पैसा ज्या मोहिमेला जातो, तिथे देणाऱ्याने दोन-चार गोष्टी अर्जातच विचारून घ्याव्यात. अर्जदाराने याआधी कोणती हिमशिखरे, कोणाच्या देखरेखीखाली चढली. कंपनी शेर्पांना रोज किती देते, आणि हिमरेषेवरचा दर वेगळा आहे काय. त्यांचा मृत्यूविमा किती रकमेचा, आणि सुटकेसाठी हेलिकॉप्टरचा विमा फक्त पाहुण्याचा आहे की दोघांचा. शेवटचा रकाना बरोबर जाणाऱ्या शेर्पाच्या पूर्ण नावाचा असावा, आणि गावाच्या वेशीवर जो सत्काराचा फलक लागेल त्यावर ते नाव अर्जदाराच्या नावाइतक्याच आकारात रंगवून घ्यावे.